बाळंतिणीचं दुखणं: काढ्याआधी पोटावर हात ठेवून बघा

प्रश्न थोडक्यात असा. मुलीचं दुसरं बाळंतपण, प्रसूती नैसर्गिक, खाली टाके, आज पाचवा दिवस. बाळाला पाजायला घेतलं की ओटीपोटात अशी कळ येते की ती बाळाला बाजूला करते. कंबर धरली आहे, टाके ओढतात. दवाखान्यातून दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या ‘दूध आटेल’ म्हणून घरी आल्यावर बंद केल्या. सासरहून बाळंतकाढ्याच्या बाटल्या, काळाबोळ आणि शेकायला शेगडी आली आहे. यातलं काय द्यायचं, काय नाही, आणि पहिल्या वेळी इतकं दुखलं नव्हतं मग आताच का, असं तिच्या आईने विचारलं आहे.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याचं उत्तर कळलं की निम्मी भीती जाते आणि बाकीची उत्तरंही त्यातूनच निघतात.

बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भपिशवी साधारण एक किलो वजनाची असते आणि तिचं वरचं टोक बेंबीच्या जवळपास हाताला लागतं. सहा आठवड्यांत ती साठ-सत्तर ग्रॅमवर येते. हे काम ती आवळून आवळून करते. रोज साधारण एक बोट खाली सरकते आणि दहा-बारा दिवसांनी पोटावरून हाताला लागेनाशी होते. वार जिथून सुटली तिथल्या रक्तवाहिन्या याच आवळण्याने चिमटल्या जातात, म्हणून रक्त जाणं आटोक्यात राहतं. पहिलटकरणीची पिशवी एकदा आवळली की बहुतेक तशीच घट्ट राहते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला स्नायू थोडा सैल पडलेला असतो. तो आवळतो, सुटतो, पुन्हा आवळतो आणि प्रत्येक वेळी कळ येते. बाळ छातीला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवतं. दूध खाली उतरवणारं संप्रेरक तेच आणि पिशवी आवळणारंही तेच. म्हणून पाजतानाच कळ येते. तुमच्या मुलीचं शरीर आपलं काम चोख करतंय.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात या दुखण्याला ‘मक्कल्ल’ म्हटलं आहे. बेंबीखाली, कुशीत, बस्तीच्या म्हणजे मूत्राशयाच्या जागी गोळा येऊन शूळ उठतो, असं वर्णन आहे. आपल्याकडच्या जुन्या बायका आजही ‘पोटात गोळा फिरतो’ म्हणतात, ते हेच.

आता तुम्ही स्वतः एक गोष्ट करा. मुलीला लघवी करून यायला सांगा, उताणं निजवा, गुडघे दुमडून घ्या आणि बेंबीखाली तळहात सपाट ठेवा. पाचव्या दिवशी पिशवी बेंबी आणि खालच्या हाडाच्या साधारण मध्यावर लागेल. बाळाला पाजायला घेतलं की तुमच्या हाताखाली ती चेंडूसारखी कडक होईल, मुलगी ओठ दाबेल, आणि अर्ध्या-एक मिनिटात चेंडू सैल पडेल. असं होत असेल तर हे मक्कल्लाचंच दुखणं. पण हात नुसता ठेवला तरी ती ओरडत असेल, दोन कळांच्या मधेही दुखणं थांबत नसेल, अंग तापलं असेल किंवा अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येत असेल, तर पिशवीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तिथे ओवा, काढा, शेक काहीही करत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणखी एक. या कळा पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जोरात असतात आणि आठवड्याच्या आत विरतात. पाचव्या दिवशी त्या उतरणीला लागलेल्या असायला हव्यात. काल होत्या त्यापेक्षा आज जास्त असतील, तर दाखवून या.

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे आणि सत्तावीस वर्षं बाळंतिणी बघते आहे. या काळात एक गोष्ट पुरती पटली. बाळंतिणीला ‘दुखतं’ या एका शब्दात पाच-सहा वेगवेगळी दुखणी असतात. पिशवीचं, टाक्यांचं, कमरेचं, छातीचं, गॅसचं, शौचाच्या जागेचं. प्रत्येकाचं औषध वेगळं. घरात मात्र सगळ्यांवर एकच काढा ओतला जातो. मग काढा ज्याच्यासाठी होता ते दुखणं बरं होतं, आणि ज्याला तातडीने दुसरं काही हवं होतं ते चार दिवस झाकून राहतं.

आधी गोळ्यांचं सांगते, कारण त्या बंद करणं ही यातली सर्वांत मोठी चूक झाली आहे. तुमची नव्हे. गोळी कशाची, किती दिवस घ्यायची आणि दुधावर काय होईल, हे घरी सोडताना कोणीतरी नीट बसून सांगायला हवं होतं. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन या दोन्ही गोळ्या पाजणाऱ्या आईला चालतात. दुधात त्या अगदी नगण्य उतरतात आणि दूध आटवत नाहीत. दूध आटतं ते बाळ छातीला कमी लागल्याने. तुमची मुलगी कळेच्या धास्तीने बाळाला बाजूला करते आहे, तेव्हा दुधाचं नुकसान गोळीने होणार नाही, दुखण्याने होईल. या कळांवरच्या औषधांचा २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, त्यात आयब्युप्रोफेनच्या गटातल्या गोळ्यांचा गुण औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसला. मी वैद्य असूनही हे मोकळेपणाने सांगते. जोरातल्या कळेवर घरच्या ओव्या-शेपेपेक्षा ती गोळी भरवशाची आहे. जेवण झाल्यावर, पाजण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, म्हणजे बाळ छातीला लागेल तेव्हा तिचा गुण सुरू झालेला असेल. दम्याचा, पोटातल्या व्रणाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, बाळंतपणात रक्तदाब वाढला असेल, तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच. पॅरासिटामॉल चोवीस तासांत कुठल्याही परिस्थितीत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या ही शेवटची हद्द. एरवी इतक्या लागतही नाहीत. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली गोळी मात्र घरात पडून आहे म्हणून देऊ नका. ती दुधावाटे बाळाला गुंगी आणू शकते, त्याचा श्वास मंदावू शकते.

आता आपली औषधं. गोळीबरोबर ती चालतात. ‘एक तर अॅलोपॅथी नाहीतर आयुर्वेद’ असं भांडण बाळंतिणीच्या खोलीत आणायची गरज नाही.

पाजायला बसण्याआधी लघवी करून यायची. हे औषध नाही, पण याच्याइतका झटपट गुण कशाचाच नाही. भरलेलं मूत्राशय पिशवीला वर ढकलतं आणि पिशवी नीट आवळत नाही, कळा वाढतात. बाळंतीण तासन्‌तास लघवीला जात नाही, कारण टाक्यांवर झोंबतं. लघवी करताना तांब्याने कोमट पाणी खाली सोडत राहिलं की झोंबत नाही. दुसरं, दिवसातून दोनदा पोटाखाली उशी घेऊन दहा मिनिटं पालथं पडायचं. सुरुवातीला कळ एकदम वाढल्यासारखी वाटते, मग ओसरते. नैसर्गिक प्रसूती झालेल्यांनीच हे करायचं, सिझर झालेल्यांनी नाही. तिसरं, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ओटीपोटावर.

मग सुंठ. सकाळी अनशापोटी सुंठ, गूळ आणि तूप यांची सुपारीएवढी गोळी आपल्याकडे बाळंतिणीला देतात. ही रीत मला मनापासून आवडते. पाव ते अर्धा चमचा सुंठपूड, तेवढाच गूळ, वर साजूक तूप. सुंठ पोटातला वायू सरकवते, भूक आणते, आणि पेटका आल्यासारख्या दुखण्यावर तिचा गुण मी सतत बघितला आहे. पित्ताचा त्रास असेल, छातीत जळजळत असेल, तर प्रमाण निम्मं करा. गर्भारपणातला मधुमेह झाला असेल तर गूळ वगळून तुपातच द्या.

ओवा आणि बाळंतशेप ही दुसरी जोडी. एक-एक चमचा घेऊन तव्यावर वास सुटेपर्यंत भाजायचं, दोन पेले पाण्यात उकळून एक पेला उरवायचं, आणि ते दिवसभर घोट-घोट कोमट प्यायचं. ओव्यातलं थायमॉल आतड्यांतला वायू सुटायला मदत करतं. बाळंतिणीच्या पोटातलं निम्मं दुखणं पिशवीचं आणि निम्मं वायूचं असतं, विशेषतः सिझरनंतर, कारण आतडी काही दिवस सुस्तावलेली असतात. जेवणानंतर चघळायला भाजलेला ओवा, शेप, तीळ आणि किसलेलं सुकं खोबरं यांची सुपारी करतात, तीही द्या. एवढंच की ओवा उष्ण आणि तिखट आहे. वाडगंभर चूर्ण गिळवण्याचा प्रकार मी बघितला आहे, त्याने तोंड येतं आणि शौचाच्या जागी आग होते.

पिंपळमूळ कमरेच्या दुखण्यासाठी दुधात उकळून देतात. चिमूट-दोन चिमूट पुरे. पिंपळी, मिरी आणि पिंपळमूळ यांतलं पायपरीन दुसरी औषधं शरीरात जास्त शोषली जातील असं करतं. मुलीला फिटची किंवा दुसरी रोजची काही गोळी चालू असेल, तर त्रिकटू (सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचं चूर्ण) किंवा पिंपळमूळ विचारल्याशिवाय सुरू करू नका.

बाळंतकाढ्याकडे येते. त्याचा कणा दशमूळ. बेल, शिवण, टेंटू, पाडळ आणि अग्निमंथ ही पाच मोठी झाडं, सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू ही पाच लहान झुडपं, यांची मुळं. सूज आणि वातावर ही आमची हाताशी असलेली पहिली औषधी, आणि बाळंतिणीच्या कमरदुखीत, अंगदुखीत, अंगावरच्या सुजेत मी ती वर्षानुवर्षं देत आले. पण तुमच्या हातातल्या बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. दुकानात ‘बाळंतकाढा’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा खरा काढा नसतो, आंबवलेलं अरिष्ट असतं. दशमूळारिष्टात गूळ आणि मध असतात, धायटीच्या फुलांनी ते आंबतं, आणि त्यात आपोआप अल्कोहोल तयार होतो. लेबलवर त्याचं शेकडा प्रमाण छापलेलं असतं. चार चमच्यांत तो फार नसतो, हे खरं. पण तो दुधात उतरतो आणि पहिल्या अर्ध्या-एक तासात दुधात सर्वांत जास्त असतो. पाच दिवसांच्या बाळाचं यकृत त्याला सावकाश निकालात काढतं. म्हणून माझा नियम असा: पहिले पंधरा दिवस अरिष्ट नाही, ताजा काढा द्यायचा. पुढे द्यायचं झालं तर बाळाचं पोट भरल्यावर लगेच, समभाग पाणी घालून. बाळ दिवसांआधी जन्मलेलं, कमी वजनाचं किंवा काविळीवर उपचार चालू असलेलं असेल, तर अरिष्ट अजिबात नाही. आईला मधुमेह असेल तरीही नाही.

ताजा काढा करणं अवघड नाही. दशमूळाची भरड दोन चमचे, पाणी दोन कप. मंद आचेवर झाकण न ठेवता अर्धा कप उरेपर्यंत आटवा, गाळा, कोमट असताना जेवणाआधी सकाळ-संध्याकाळ. रोज ताजा करायचा, सकाळचा उद्यावर ठेवायचा नाही. भरड विकत घेताना मूठभर हातात घेऊन वास घ्या. कुबट वास आला किंवा बोटांना पांढरी बुरशी लागली तर परत करा, स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. साधारण दहा-पंधरा दिवस काढा पुरे होतो. महिनोन्‌महिने तो ढोसण्यात काही मिळत नाही.

काही बाळंतकाढ्यांत देवदार, वेखंड, कोष्ठ, किराईत वगैरे बरीच जास्तीची औषधं असतात. वैद्य रुग्ण बघून तो देवदार्व्यादि काढा देतात, ते ठीक. स्वतःच्या मनाने नको. आणि बाटलीबरोबर काळसर बारीक गोळ्यांची पुडी आली असेल तर ती बाजूला ठेवा. बाळंतिणीच्या तापावर, वातावर प्रतापलंकेश्वर नावाचा रसकल्प पूर्वापार देतात. त्यात पारा, गंधक आणि बचनाग असतो. पारा आणि बचनाग दोन्ही औषध नियम, १९४५ मधल्या ‘ई-१’ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत, आणि असं औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना त्याच्या लेबलवर बंधनकारक आहे. पुडीवर लेबलच नसेल तर ती देऊच नये.

काळाबोळ. हा कोरफडीचा वाळवलेला रस. ‘पोट धुऊन निघतं, उरलंसुरलं रक्त पडतं’ म्हणून बाळंतिणीला देतात. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. तो जोरकस रेचक आहे, त्याने आतड्याला पीळ पडतो आणि ओटीपोटाकडे रक्त ओढलं जातं. आधीच कळा येणाऱ्या बाईला आणखी मुरडा, आणि रक्त वाढलं तर ते पिशवीचं की बोळाचं हे मलाही सांगता येणार नाही. त्याचा अंश दुधातून बाळाला गेला तर त्यालाही जुलाब होऊ शकतात. पिशवी स्वच्छ होण्यासाठी बाळाला पाजत राहणं पुरतं. सासूबाईंना वाईट वाटेल याची काळजी मला कळते. त्यांना सांगा, ‘वैद्यबाईंनी सुंठीची गोळी आणि दशमूळ चालू ठेवायला सांगितलंय, बोळ तेवढा नको म्हणाल्या.’ त्यांच्या रीतीतलं काहीतरी दिलं जातंय हे कळलं की बहुतेक सासवा समजून घेतात.

शेक आणि शेगडी यांत फरक करा. उब चांगली आहे. कंबर, ओटीपोट, मांड्या यांना उब मिळाली की स्नायू सुटतो. पण बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार-खिडक्या लावून घेणं जिवावरचं आहे. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आई आणि बाळ झोपेतच बेशुद्ध पडतात. एकदा अशाच बंद खोलीतून एका बाळंतिणीला उचलून आणलं होतं. ‘डोकं दुखतंय, मळमळतंय’ असं ती तासभर सांगत होती आणि घरचे ‘बाळंतवात’ म्हणून तिला आणखी पांघरूण घालत होते. दार उघडल्यामुळे ती वाचली. बाळ पाळण्यात, शेगडीपासून लांब, खिडकीच्या फटीजवळ होतं. तेवढ्याने तेही वाचलं. हे आठवलं की आजही माझ्या पोटात कालवतं. शेकायचं ते गरम पाण्याच्या पिशवीने, तव्यावर गरम केलेल्या कापडाच्या पोटलीने. पोटलीत ओवा आणि जाडं मीठ बांधलं तर उब टिकते. पोटली आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. बाळाला मात्र शेकायचं नाही.

ओवा, वावडिंग, लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून खाली धुरी घेण्याची पद्धतही थांबवा. टाक्यांवरची कातडी पातळ आणि सुजलेली असते, भाजलेलं कळतच नाही. आणि तो धूर त्याच खोलीत पाच दिवसांचं बाळ छातीत ओढतं.

टाक्यांसाठी धुरीपेक्षा फार चांगलं औषध आपल्याकडे आहे. पसरट टबात, बसल्यावर कुल्ले बुडतील इतकं कोमट पाणी, दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं. पाण्यात त्रिफळ्याचा काढा घालायचा. दोन मोठे चमचे त्रिफळा भरड एक लिटर पाण्यात उकळायची, फडक्यातून दोनदा गाळायची, म्हणजे कण टाक्यात अडकणार नाहीत. वड, पिंपळ, उंबर, पायरी आणि पारसा पिंपळ यांच्या सालींचा पंचवल्कल काढाही असाच वापरतात. तुरट साली ओलसर, सुजलेली कातडी आवळतात. बसून झाल्यावर मऊ सुती फडक्याने टिपायचं, चोळायचं नाही, आणि थोडा वेळ हवा लागू द्यायची. हळदीचा लेप, तेल, राख यांतलं काही टाक्यांवर नको. बसताना एका कुशीवर कलून बसायचं. टाके पाचव्या दिवसानंतर रोज थोडे थोडे कमी दुखले पाहिजेत. एका बाजूला टणक गोळा येऊन ठणकत असेल, पू येत असेल किंवा टाका उसवला असेल, तर टबाने ते बरं होणार नाही.

शौचाला कुंथावं लागलं की टाके आणखी दुखतात, म्हणून पोट साफ राहील हे बघा. रात्री भिजवलेल्या दहा-पंधरा काळ्या मनुका, भरपूर पाणी, आणि लागलं तर एक चमचा इसबगोल. एरंडेल आणि सोनामुखी आधी नको, दोन्हींनी मुरडा येतो.

कंबर का धरते? गर्भारपणात सांधे सैल झालेले असतात, पोटाचे स्नायू ताणून ढिले पडलेले असतात, आणि बाळाला पाजताना ती पुढे वाकून बसते. बाळाला छातीपर्यंत आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. मांडीवर उशी, पाठीमागे भिंत, पायांखाली पाट. एवढ्याने निम्मी कंबर सुटते हे मी रोज बघते. वर तिळाच्या तेलाचं किंवा चिकण्याच्या मुळांपासून केलेल्या बला तेलाचं कोमट मालिश, पाठ, कंबर, मांड्या, हलक्या हाताने. नैसर्गिक प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चालतं. सिझर झालेलं असेल तर पोटाला हात नाही, जखम पूर्ण भरेपर्यंत नाही, आणि डॉक्टरांनी बघितल्याशिवाय नाही.

मालिशवाल्या मावशींना एक गोष्ट आज सांगून ठेवा. मालिश सुरू करण्याआधी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघायचे. बाळंतपणात रक्त गोठायची क्षमता वाढलेली असते, बाई दिवसभर बाजेवर असते, आणि पायाच्या खोल शिरेत गाठ होण्याची भीती पहिल्या सहा आठवड्यांत बरीच असते. एका बाराव्या दिवसाच्या बाळंतिणीची डावी पोटरी दुखत होती म्हणून घरी तीन दिवस दाबून चोळलं जात होतं. माझ्याकडे ती ‘तेल बदलून द्या’ म्हणून आली. पाय बघितला तर कातडी ताणून चकाकत होती, बोट लावलं की गरम. मी शिंप्याची मोजपट्टी काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी तीन सेंटीमीटरने जाड. तेल दिलं नाही, चालू दिलं नाही, गाडीत आडवं घालून पुढे पाठवलं. शिरेत गुठळी होती. ती सुटून फुफ्फुसात गेली असती तर वेळ मिळाला नसता. एकच पाय सुजलेला, गरम, दुखरा असेल तर त्याला तेलाचा थेंबही लावायचा नाही, थेट दवाखाना.

छातीचं दुखणं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येतं, दूध भरून आल्यावर. औषध म्हणजे बाळ. दोन-अडीच तासांनी पाजा, आधी कोमट फडकं ठेवा, पाजून झाल्यावर गार. कोबीची पानं गार करून ठेवली तरी आराम पडतो. मोगऱ्याची फुलं मात्र छातीवर बांधू नका. ती दूध कमी करतात. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दूध बंद करण्यासाठीच ती वापरून बघितली होती आणि त्यांचा गुण दिसला होता. एका जागी लाल पट्टा, टणक गोळा आणि थंडी वाजून ताप असेल तर डॉक्टर. तेव्हाही पाजणं थांबवायचं नाही.

डिंकाचे लाडू, अळीव, मेथी, खारीक हे दुखण्याचं औषध म्हणून विचारू नका, ताकदीचं खाणं म्हणून द्या. दिवसाला एक लाडू. रक्त कमी असेल तर दवाखान्यातल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या लाडवांमुळे बंद करायच्या नाहीत. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नये, एक सकाळी आणि एक रात्री.

सुश्रुताने सूतिकेचा काळ दीड महिना सांगितला, आपल्याकडे सव्वा महिना पाळतात, आणि आजचं वैद्यकशास्त्र ४२ दिवस म्हणतं. तिघांनाही हे ठाऊक आहे की तेवढे दिवस बाईवर डोळा ठेवायला लागतो. म्हणून काढ्यापेक्षा ही धोक्याची लक्षणं जास्त लक्षात ठेवा: तासाभरात एक पॅड भिजून जाणं, लिंबापेक्षा मोठी रक्ताची गाठ पडणं, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, न थांबणारी डोकेदुखी आणि डोळ्यांसमोर चमकणं किंवा अंधुक दिसणं, छातीत दुखून दम लागणं, लघवी न होणं, फिट येणं. डोकेदुखीबद्दल मुद्दाम सांगते. घरात तिला ‘कानाला वारं लागलं’ म्हणतात आणि फडकं बांधतात. बाळंतपणानंतरही रक्तदाब अचानक वाढू शकतो, आधी कधी वाढला नसेल तरी. फडकं बांधा हवं तर, पण रक्तदाब त्याच तासात मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर दवाखान्यात न्या. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, आणि सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतिणीवरचे उपचार ४२ दिवसांपर्यंत मोफत आहेत. आशाताई सातव्या दिवशी घरी येतील, म्हणजे परवा. त्यांच्याकडून बाळाचं वजन करून घ्या आणि मुलीच्या दुखण्याचं मोकळेपणाने सांगा. रडू येत असेल, झोप लागत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, तर तेही सांगा.

तर आज रात्री असं करा. जेवण झाल्यावर गोळी, मग लघवी, मग उशीला टेकून बाळ छातीला. तुमचा हात तिच्या ओटीपोटावर राहू द्या. चेंडू कडक झाला की तिला सांगा, ‘आवळतेय, आता सुटेल’, आणि तो सैल पडेपर्यंत तिला सावकाश श्वास सोडायला लावा. उद्या सकाळी ताप, पॅड आणि दोन्ही पाय बघून घ्या, आणि कळा कालच्याहून कमी आहेत की जास्त, एवढं मला कळवा.